कॉपर म्हणजे तांबे, मग पोलीस ‘कॉपर’ कसा?

प्रश्न दुहेरी आहे. इंग्रजीत तांब्याला ‘कॉपर’ म्हणतात, तर हा शब्द मुळात आला कोठून, हा त्याचा पहिला भाग. आणि तोच शब्द पोलिसाला, चिल्लर नाण्यांना, कपडे उकळण्याच्या भांड्याला आणि एका फुलपाखरालाही का लावतात, हा दुसरा. कोशाच्या आणि भाषांतराच्या कामात हा शब्द माझ्यापुढे वारंवार आला आहे आणि त्याने मला एक-दोनदा तोंडघशीही पाडले आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. निष्कर्ष मात्र आधीच सांगून ठेवतो. धातू, नाणे, भांडे आणि फुलपाखरू हे एकाच शब्दाचे वाढत गेलेले अर्थ आहेत. पोलीस हा त्या शब्दाचा अर्थच नव्हे. तो दुसरा शब्द आहे, आणि दोघांचे वर्णलेखन योगायोगाने जुळले एवढेच.

धातूपासून सुरुवात करू. रोमन लोक तांबे, कांसे आणि पितळ या तिघांनाही ‘आएस’ हे एकच नाव वापरीत. हा ‘आएस’ संस्कृतातील ‘अयस्’ या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. दोन्ही एकाच प्राचीन मुळापासून निघाले. ऋग्वेदात ‘अयस्’ म्हणजे सर्वसाधारण धातू, आणि लोखंडाचा वापर रूढ झाल्यावर तोच शब्द लोखंडाकडे सरकला, म्हणून लोहचुंबकाला ‘अयस्कांत’ म्हणतात. ‘लोह’ या शब्दाचेही असेच झाले. ‘लोहित’शी नाते सांगणारा हा शब्द आधी तांबड्या धातूचा होता आणि पुढे काळ्या धातूचा झाला. सांगायचे एवढेच की धातूंची नावे धातूंना घट्ट चिकटून राहत नाहीत. उपयोगात जो धातू पुढे येतो त्याच्याकडे ती सरकतात. रोमनांना जेव्हा मिश्रधातू सोडून शुद्ध तांब्याचा वेगळा निर्देश करण्याची गरज पडली, तेव्हा ते ‘आएस सिप्रियुम’ म्हणजे ‘सायप्रस बेटाचे आएस’ असे म्हणू लागले. वापरता वापरता त्यातील नाम गळाले आणि विशेषणच नाम होऊन बसले, जसे इंग्रजीत चीनच्या भांड्यांना नुसते ‘चायना’ म्हणतात. या विशेषणाचे उत्तरकालीन लॅटिनमधील रूप ‘कुप्रुम’, आणि ‘कॉपर’ हा त्याचाच वंशज.

सायप्रसचेच नाव का, हे समजण्यासाठी रोमच्याही हजार वर्षे मागे जावे लागते. कांस्ययुगात हे बेट ‘अलाशिया’ या नावाने ओळखले जाई. इजिप्तमधील अमार्ना येथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांमध्ये, म्हणजे इसवी सनापूर्वी 14 व्या शतकातील राजकीय पत्रव्यवहारात, अलाशियाचा राजा इजिप्तच्या राजाला तांबे पाठवीत असल्याची नोंद आहे. एका पत्रात तर तो दिलगिरी व्यक्त करतो की पाठवलेले तांबे थोडे आहे, कारण नेर्गल देवाच्या हाताने, म्हणजे रोगाच्या साथीने, आपली माणसे मारली आणि तांबे काढणारा कोणी उरला नाही. त्याच शतकाच्या अखेरीस एक व्यापारी जहाज आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगत, उलुबुरुन येथे बुडाले. 1982 मध्ये स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला त्याचा माग लागला, आणि पुढील उत्खननात त्यातून सुमारे 10 टन तांबे व सुमारे 1 टन कथील बाहेर आले. ताणून वाळत घातलेल्या कातड्याप्रमाणे चार कोपरे बाहेर आलेल्या त्या तांब्याच्या लगडी सायप्रसच्या खनिजापासून बनल्या होत्या, हे त्यातील शिशाच्या समस्थानिकांवरून ठरले. दहास एक हे प्रमाण कांसे ओतण्याच्या प्रमाणाशी जुळते, म्हणजे हा माल कशासाठी चालला होता हेही वेगळे सांगायला नको. अशा बेटाचे नाव धातूला चिकटले यात नवल नाही. काही लिखाणात दिशा उलटी सांगतात, म्हणजे बेटालाच तांब्यावरून नाव पडले असे म्हणतात. तसे मानण्यात मोठी अडचण अशी की ग्रीक भाषेत तांब्याचा शब्द ‘खाल्कोस’ आहे आणि त्याचा ‘किप्रोस’शी काही संबंध नाही. बेटाच्या नावावरून धातूचे नाव पडले ते लॅटिनमध्ये.

लॅटिनमधून हा शब्द जर्मानिक बोलींनी फार लवकर उचलला, आणि ते किती लवकर हे शब्दाच्या उच्चारातच दिसते. जर्मनमध्ये तांबे म्हणजे ‘कुप्फर’. दक्षिणेकडील जर्मन बोलींत इसवी सनाच्या साधारण 6 व्या ते 8 व्या शतकांच्या दरम्यान ‘प’ या व्यंजनात बदल होऊन शब्दाच्या मध्यभागी ‘प्फ’ आला. त्यामुळेच इंग्रजी ‘ॲपल’च्या समोर जर्मन ‘आप्फेल’ उभा राहतो. ‘कुप्फर’मध्ये तोच बदल झालेला असल्यामुळे हा शब्द त्या बदलाच्या आधीच त्या बोलींत रुळलेला होता, असा अर्थ निघतो. व्युत्पत्तीच्या कामात माझा भरवसा अशा पुराव्यावर अधिक असतो, कारण दंतकथा कोणीही रचू शकतो, पण ध्वनिबदल मागे जाऊन कोणाला रचता येत नाही. जुन्या इंग्रजीतील रूप ‘कोपोर’, डच ‘कोपर’, स्वीडिश ‘कोप्पार’. फ्रेंच ‘क्विव्र’ आणि स्पॅनिश ‘कोब्रे’ हेही याच घराण्यातले. इटालियन मात्र या मेळ्यात नाही. तेथे तांब्याला ‘रामे’ म्हणतात, आणि तो शब्द जुन्या ‘आएस’च्या वंशातला आहे.

विज्ञानात मात्र तांब्याची तीन नावे एकत्र नांदतात, आणि विद्यार्थ्यांचा गोंधळ नेमका तेथेच होतो. संयुगांच्या नावांत लॅटिन मूळ आहे: क्युप्रिक, क्युप्रस. खनिजांच्या आणि कालखंडांच्या नावांत ग्रीक ‘खाल्कोस’ आहे: कॅल्कोपायराइट, आणि आपण ज्याला ताम्रपाषाण युग म्हणतो त्याचे इंग्रजी नाव. बोलण्यात आणि व्यापारात ‘कॉपर’. बर्झेलियसने 1813-14 मध्ये मूलद्रव्यांना अक्षरांच्या संज्ञा दिल्या तेव्हा त्याने लॅटिन नावे घेतली, म्हणून तांब्याची संज्ञा ‘सीयू’ आहे. इंग्रजी नावाची पहिली दोन अक्षरे घेतली असती तर ती कोबाल्टशी भिडली असती. त्याआधीच्या किमयागारांनी तांब्याला शुक्राचे चिन्ह दिले होते, वर्तुळ आणि त्याखाली अधिकची खूण. शुक्र ही रोमनांची व्हीनस, म्हणजे ग्रीकांची ॲफ्रोडाइटी, आणि तिचे बेट सायप्रस. तेच चिन्ह पुढे लिनियसने जीवशास्त्रात मादीसाठी वापरले, आणि आज अर्जावरील ‘स्त्री’च्या चौकटीशेजारी ते पाहताना तांबे कोणाच्या मनातही येत नाही.

मराठी शब्दाची वाट अगदी वेगळी आहे. ‘कॉपर’ हे बेटावरून पडलेले नाव, तर ‘तांबे’ हे रंगावरून. संस्कृत ‘ताम्र’ हे मुळात गडद तांबूस रंगाचे विशेषण आहे. धातूला तो शब्द लागला आणि पुढे त्यातूनच ‘तांबडा’, ‘तांबूस’, पिकावरचा ‘तांबेरा’, पहाटेचे ‘तांबडे फुटणे’ असा गोतावळा वाढला. इंग्रजीत ‘कॉपरी’ म्हटले की धातूची चकाकी अभिप्रेत असते; मराठीत ‘तांबडा’ म्हटले की धातू डोळ्यांपुढे येतच नाही. म्हणून केसांचे किंवा पानांचे वर्णन असलेल्या वाक्यात हा इंग्रजी शब्द आला, तर ‘तांबडे केस’ हे भाषांतर फसवे ठरते आणि ‘तांब्याच्या झाकेचे’ असे काहीतरी लिहावे लागते. उलट कधी मराठी अधिक नेमकी असते. गर्भनिरोधनासाठी वापरण्यात येणाऱ्या ‘कॉपर-टी’ला बोलभाषेने ‘तांबी’ हे स्त्रीलिंगी नाम दिले. टी आकाराच्या प्लॅस्टिकवर तांब्याची तार गुंडाळलेली ती एवढीशी वस्तू. तिला असा सुटसुटीत शब्द एखाद्या परिभाषा समितीला सुचला असता की नाही, याची मला शंका आहे.

आता धातूच्या पोटातून निघालेल्या अर्थांकडे वळू. पहिला अर्थ नाण्याचा. ब्रिटनमध्ये 1797 साली मॅथ्यू बोल्टनच्या बर्मिंगहॅमजवळील सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर पाडलेली पेनी खरोखरच तांब्याची होती आणि तिचे वजन तब्बल एक औंस, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम भरे. तिच्या जाड, उंच कडेमुळे लोक तिला ‘गाडीचे चाक’ म्हणत. 1860 मध्ये तांबे गेले आणि कांसे आले. 1992 मध्ये कांसेही गेले आणि तांब्याचा मुलामा दिलेले पोलाद आले, त्यामुळे त्यानंतरच्या पेनीजवळ लोहचुंबक नेला तर ती टक्‌कन चिकटते. (रोमनांच्या ‘आएस’चे हे नाणे शेवटी ‘अयस्कांता’ला येऊन चिकटले, हा शब्दांचा खेळ मला फार आवडतो.) अमेरिकेच्या सेंटमध्येही 1982 पासून 97.5 टक्के जस्त आहे आणि तांबे केवळ 2.5 टक्के. तरीही ‘अ फ्यू कॉपर्स’ म्हणजे थोडी चिल्लर हा प्रयोग इंग्रजीत टिकून आहे. वाक्यात हा शब्द अनेकवचनी आला आणि शेजारी खिसा, भिकारी किंवा दानपेटी असली, तर ‘तांबे’ न लिहिता ‘सुटे पैसे’ किंवा ‘चिल्लर’ लिहावे.

भांड्याचा अर्थ आज मागे पडला आहे, पण 19 व्या शतकातील इंग्रजी घराचे वर्णन वाचताना त्यावाचून एक पाऊल पुढे जात नाही. धुणे उकळण्यासाठी विटांच्या चुलाणात पक्का बसवलेला आणि खालून जाळ लावायचा मोठा हंडा म्हणजे ‘द कॉपर’. आरंभी तो तांब्याचा असे, पुढे बिडाचा ओतला जाऊ लागला, पण नाव तेच राहिले. मी तोंडघशी पडलो तो येथेच. एका जुन्या मजकुरात हा शब्द आला, मी ‘तांब्याचे पातेले’ असे लिहून मोकळा झालो, आणि तीनच ओळींनंतर त्याच भांड्याला लोखंडी म्हटलेले निघाले. तपासणाऱ्याने समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढले होते. तेव्हापासून या अर्थी मी ‘चुलाणावरचा हंडा’ असे लिहितो आणि धातूचे नाव घेत नाही.

‘कॉपर-बॉटम्ड’ या विशेषणाची कथा सर्वांत रंजक आहे, कारण तिची सुरुवात अपयशाने झाली. लाकडी जहाजांच्या तळाला समुद्रातील लाकूडपोखर प्राणी चाळणी करून टाकीत, आणि शेवाळ व शिंपल्यांच्या थरामुळे जहाजाचा वेग मंदावे. यावर उपाय म्हणून ब्रिटिश आरमाराने 1761 मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. वेस्ट इंडीजच्या पाण्यातून ती परतल्यावर पाहिले तर तळ किड्यांपासून शाबूत होता, पण पत्रे ठिकठिकाणी सुटले होते, कारण ते ठोकणारे लोखंडी खिळे गंजून मातीसारखे झाले होते. मजा अशी की पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते त्याचे तुकडे काही ठिकाणी आत अडकून राहिले होते, आणि तेथे लोखंड व तांबे यांचा थेट स्पर्श न झाल्यामुळे खिळे चांगले राहिले होते. समुद्राचे खारे पाणी आणि दोन भिन्न धातू एकत्र आले की विद्युतघट तयार होतो आणि त्यात लोखंड झिजते, हे तेव्हा पुस्तकात कोठे लिहिलेले नव्हते. त्या कागदाच्या कपट्यांनी ते दाखवून दिले. पुढे 1779 पासून थोड्याच वर्षांत बहुतेक आरमाराला तांबे चढले, आणि लोखंडी खिळ्या-बोल्टांच्या जागी तांब्याच्या मिश्रधातूचे आले तेव्हाच ही पद्धत खऱ्या अर्थाने यशस्वी झाली. आज इंग्रजीत ‘कॉपर-बॉटम्ड गॅरंटी’ म्हणजे पूर्ण भरवशाची हमी. मराठीत यासाठी ‘बावनकशी’ चालतो असे काही जण सुचवतात, पण ‘बावनकशी’त शुद्धतेवर भर आहे आणि येथे भर टिकाऊपणावर आहे, म्हणून मला ‘ठोस’ किंवा ‘पक्की’ हेच बरे वाटतात.

इतर समास थोडक्यात. ‘कॉपरप्लेट’ म्हणजे वळणदार, तिरके हस्ताक्षर. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले कित्ते गिरवून ते शिकले जाई. ‘कॉपरहेड’ हा उत्तर अमेरिकेतील विषारी साप, आणि तेथील 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात उत्तरेकडील युद्धविरोधी डेमोक्रॅटांना त्यांच्या विरोधकांनी तेच नाव ठेवले होते. फुलपाखरांचा ‘कॉपर’ त्यांच्या पंखांच्या झळाळीवरून. फारो नावाच्या पत्त्यांच्या खेळात एखादे पान हरेल अशी पैज लावायची असली, तर आपल्या पैशांवर तांब्याची चकती ठेवीत; त्यावरून ‘टू कॉपर’ म्हणजे विरुद्ध बाजूने पैज मारणे. दूरसंचाराच्या भाषेत आज ‘कॉपर’ म्हणजे फायबरच्या उलट असलेली जुनी तार. धातूबाजारात ‘डॉक्टर कॉपर’ म्हणतात, कारण तांब्याची मागणी पाहून अर्थव्यवस्थेची नाडी कळते अशी व्यापाऱ्यांची समजूत आहे.

आता पोलीस. लोकांच्या तोंडी असलेली स्पष्टीकरणे तीन. पहिले, पोलिसांच्या गणवेशाची बटणे तांब्याची होती. दुसरे, त्यांचे बिल्ले तांब्याचे होते. तिसरे, ‘कॉप’ हा ‘कॉन्स्टेबल ऑन पॅट्रोल’चा संक्षेप आहे. तिसरे तर लगेच बाजूला ठेवावे; आद्याक्षरे जोडून रोजच्या बोलीतले शब्द घडवण्याची रीत 20 व्या शतकाआधी अगदी विरळ होती, आणि ‘कॉपर’ हा शब्द ‘कॉप’च्या आधी नोंदलेला आहे, ज्याचा या संक्षेपाने उलगडाच होत नाही. बिल्ल्यांच्या कथेत मात्र तथ्याचा एक कण आहे. न्यूयॉर्कच्या पोलिसांना 1845 मध्ये खरोखरच तांब्याची चांदणी देण्यात आली होती, आणि म्हणूनच ही कथा इतकी पटते.

तरीही ती चूक आहे, आणि कारण व्याकरणात आहे. इंग्रजीत ‘कॉप’ हे ‘पकडणे, हस्तगत करणे’ या अर्थाचे क्रियापद 1704 पासून नोंदलेले आहे. ते बहुधा जुन्या फ्रेंचमधून, म्हणजे अंतिमतः लॅटिन ‘कापेरे’ म्हणजे धरणे या क्रियापदाकडून आले असावे. या क्रियापदाला कर्त्याचा ‘अर’ प्रत्यय लागला की ‘कॉपर’ म्हणजे पकडणारा. ‘कॅच’वरून ‘कॅचर’ होतो तसाच. पोलीस या अर्थी हा शब्द 1846 मध्ये लिखाणात दिसतो, आणि त्याचे आखूड रूप ‘कॉप’ 1859 मध्ये. म्हणजे आधी क्रियापद, मग कर्ता, मग त्याचा संक्षेप. तिन्ही पायऱ्या तारखांसह जागच्या जागी आहेत, आणि तांब्याची चांदणी कोठेही लागत नाही. पकडल्या गेलेल्या चोराने ‘इट्स अ फेअर कॉप’ म्हणावे यातही तेच क्रियापद नामासारखे वापरलेले आहे. कोणतीही व्युत्पत्ती तपासताना मी आधी कथा न ऐकता तारखा मांडतो. बहुतेक कथा तेथेच गारद होतात.

तांब्याच्या बाबतीत फसवणारे आणखी काही शब्द येथेच सांगतो. ‘कॉपरस’ नावाचे रसायन म्हणजे हिराकस, म्हणजेच फेरस सल्फेट. त्यात तांबे नसते. कॉपर सल्फेट म्हणजे मोरचूद. या दोघांची अदलाबदल मी छापील पाठ्यसामग्रीतही पाहिली आहे, आणि रंगाऱ्याच्या किंवा शेतकऱ्याच्या हातात असा मजकूर पडला तर ती केवळ शब्दाची चूक राहत नाही. जर्मन खाणकामगारांना तांबूस दिसणारे एक खनिज मिळे, पण त्यातून तांबे निघत नसे, म्हणून ते भुताटकीच्या नावाने चिडून त्याला ‘कुप्फरनिकेल’ म्हणत. 1751 मध्ये क्रोन्स्टेटने त्यातून नवा धातू वेगळा केला आणि शिवीतला उरलेला भाग ‘निकेल’ म्हणून आवर्त सारणीत गेला. ‘कूपर’ हे आडनाव लाकडी पिंपे बनवणाऱ्यांचे आहे, तांबटांचे नव्हे. आणि आपल्याकडून निघालेली एक फसवी व्युत्पत्ती: तांब्याला संस्कृतात ‘शुल्ब’ असाही शब्द आहे, गंधकाला ‘शुल्बारि’ म्हणजे तांब्याचा शत्रू, आणि म्हणून इंग्रजी ‘सल्फर’ तेथून आला असे अनेक पुस्तकांत छापलेले असते. गंधक तांब्याला काळवंडवते हे खरे, ‘शुल्बारि’ हा शब्दही खरा, पण ‘सल्फर’ हा लॅटिनचा स्वतःचा जुना शब्द आहे आणि त्याला संस्कृतातून जावे लागल्याचा कोणताही मार्ग दिसत नाही. ऐकायला गोड असल्यामुळे ही कथा पोलिसांच्या बटणांइतकीच चिवट आहे.

प्रत्यक्ष वापरात अर्थ ओळखायचा तर आधी उपपद पाहावे. उपपदाशिवाय, एकवचनी ‘कॉपर’ आला की तो जवळजवळ नेहमी धातू असतो. ‘अ कॉपर’ असला तर नाणे, फुलपाखरू किंवा पोलीस. ‘द कॉपर’ असून जवळ धुणे, वाफ किंवा सरपण असले तर हंडा. क्रियापद असले तर दोन शक्यता राहतात, तांब्याचा पत्रा चढवणे किंवा विरुद्ध पैज लावणे, आणि जहाज व पत्ते यांत गल्लत होण्याचा संभव कमी. पोलिसाच्या अर्थी मराठीत सरळ ‘पोलीस’ लिहावे, पण मूळ शब्द बोलीतला आणि किंचित तुच्छतेचा असल्यामुळे संवादात ‘हवालदार’पेक्षा ‘पोलिसवाला’ अधिक जवळ जातो. इंग्रजी-मराठी कोशासाठी नोंद करताना मी ‘कॉपर’ या शीर्षशब्दाला एक आणि दोन असे अंक देतो. पहिल्याखाली सायप्रस आणि तांब्याचे सगळे अर्थ येतात, दुसऱ्याखाली ‘कॉप’ हे क्रियापद आणि एकटा पोलीस, आणि त्या दोहोंमध्ये ‘हेही पाहा’ अशी खूण मी ठेवत नाही.